शॉकअपमधली हवा आणि सात रेघा

मोटारसायकलच्या पुढच्या शॉकअपमध्ये हवा भरायची असते, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा सांगणाऱ्याला वेड्यात काढलं होतं. हवा टायरात भरतात, फुटबॉलमध्ये भरतात. शॉकअपमध्ये स्प्रिंग असते आणि तेल असतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मी फिटर होतो. केसाच्या जाडीइतकी चूक नुसत्या बोटाने ओळखतो अशी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझाच हात मोठा होता. सुट्टीच्या दिवशी घरच्या अंगणात लोकांच्या स्कूटरी-मोटारसायकली उघडून बसायची खोड होती. रत्नागिरीत मला न कळणारं यंत्र अजून यायचंय, असं मी खुशाल बोलायचो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, एका रविवारी सकाळी, ते यंत्र अंगणात येऊन उभं राहिलं.

घेऊन येणारा माझा शाळेतला सोबती, दोन वर्गांनी मागचा. खाडीकाठच्या मोहल्ल्यातला, आखातात नोकरीला. दोन वर्षांनी एकदा यायचा आणि दोन-तीन महिने राहायचा. या खेपेला त्याने तिकडची जपानी मोटारसायकल बोटीने आणली होती. चार सिलिंडर, मरून रंग, आणि आवाज असा गुळगुळीत की माझ्या अंगणातल्या बाकीच्या गाड्या खोकल्याचे पेशंट वाटाव्यात.

"भाऊ, पुढून फार आपटते," तो म्हणाला. "आत हवा भरायची असते म्हणे. तेवढं बघा ना जरा."

मी हसलो, तर त्याने सीटखालून पुस्तक काढलं. अर्धं अरबी, अर्धं इंग्रजी. त्याचं अरबी जेमतेम, माझं इंग्रजी जेमतेम, पण दोघांनी मिळून ते पान फोडलं. दोन्ही शॉकअपच्या डोक्यावर रबरी टोपीखाली टायरासारखा व्हॉल्व्ह होता. दोन्हींत सारखीच हवा हवी, एका चौरस सेंटिमीटरला शून्य पूर्णांक चार किलो, म्हणजे सहा पौंडांच्याही आत. पुढचं चाक अधांतरी ठेवून भरायची. हातपंपानेच भरायची, पेट्रोलपंपावरच्या कॉम्प्रेसरने भरली तर तेलाचं सील फुटेल आणि तेल ब्रेकवर येईल.

त्याची घाई मला कळत होती. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि बायकोला पहिल्यांदाच दिवस गेले होते. सातवा महिना लागला होता. तिचं माहेर गुहागरकडचं. तिला बाळंतपणाला तिकडे न्यायचं, तर खाडी होडीतून ओलांडायची आणि पुढे खड्ड्यांतून जायचं. एसटीत धक्के बसतात म्हणून त्याला ती मोटारसायकलवरून न्यायची होती, आणि मोटारसायकल मऊ करून हवी होती. असल्या अवस्थेत बाईमाणसाला मोटारसायकलवर घालणारा तू कसला शहाणा, असं मी म्हणायला हवं होतं. पण माझं लक्ष त्या व्हॉल्व्हवरून हलत नव्हतं.

अडचण मोजण्याची होती. रत्नागिरीतल्या यच्चयावत पंक्चरवाल्यांचे मीटर दहा पौंडांच्या पुढे बोलायला लागतात. सहा पौंड म्हणजे त्यांच्या लेखी काहीच नाही. बरं, शॉकअपमध्ये हवेला जागा एवढीशी, की सायकलचा पंप एकदा जोरात मारला तरी मर्यादा ओलांडायची. मी दोन दिवस डोकं खाजवत होतो. मंगळवारी कारखान्यात जेवताना हिशेब सुचला. शून्य पूर्णांक चार किलो म्हणजे पाऱ्याचे दोनशे चौऱ्याण्णव मिलिमीटर. आणि दर आठवड्याला आमच्या घरातल्या फळीवर एक वस्तू येऊन बसायची, जिच्या नळीवर तीनशेपर्यंत रेघा होत्या. ताईचं बीपीचं मशीन!

ताई माझ्याहून सात वर्षांनी मोठी, माझ्या त्या सोबत्याच्याच गावी आरोग्य उपकेंद्रात नर्स होती. सोमवारी पहिल्या एसटीने जायची, शनिवारी दुपारी यायची. उपकेंद्रातल्या कपाटाचं कुलूप मोडलेलं, म्हणून सहीने मिळालेलं ते मशीन जुन्या पातळात गुंडाळून घरी आणायची आणि कुणाला हात लावू द्यायची नाही. तिचा राग मी लहानपणापासून खाल्लेला होता. त्यामुळे विचारण्याच्या भानगडीत पडलोच नाही. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत लेथवर पितळेची एक जोडणी केली. एका बाजूला मशीनची रबरी नळी बसेल, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्हचे आटे, आणि मधोमध व्हॉल्व्हची पिन दाबणारी बारीक काडी. इतकं नाजूक काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

पुढच्या रविवारी ताई एका बारशाला गेली आणि हा सोबती गाडी घेऊन आला. गाडी मधल्या स्टँडवर चढवली, इंजिनखाली जांभ्या दगडाचा चिरा सरकवून पुढचं चाक चार बोटं उचललं. दंडाला बांधायचा पट्टा काढून त्या जागी माझी जोडणी लावली. रबरी फुगा हलके हलके दाबला तसा पारा चढायला लागला. पन्नास, शंभर, दोनशे. दोनशे चौऱ्याण्णवला थांबलो, जोडणी चटकन सोडवली, उजवा शॉकअप झाला. या पठ्ठ्याने तर टाळीच वाजवली. मी डाव्याला जोडणी लावली. पारा दोनशे नव्वदवर आला होता.

आमच्याकडे कुणीही दुचाकी बघितली, घ्यायची असो नसो, की दोन्ही हातांनी हँडल धरून दोनदा दाबून बघतात. शॉकअप कसा आहे ते त्याशिवाय कळत नाही. तसंच त्याने केलं. "बघू तरी किती नरम झाला," म्हणत त्याने सगळं अंग हँडलवर टाकलं. गाडी चिऱ्यावरून पुढे कलली, चाक जमिनीवर आलं आणि शॉकअप वीतभर खाली बसला. आतली हवा दाबली गेली, ती नळीतून मशीनमध्ये घुसली, आणि पाऱ्याच्या नळीचं टोपण उडालं. पारा माझ्या सदऱ्यावर, गुडघ्यावर आणि अंगणभर सांडला.

"अरे, चांदी सांडली!" तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "भाऊ, काय नुकसान झालं काय?"

"छे, छे. काही नाही," मी म्हणालो. "घरातलंच आहे. होईल ठीक."

तुझ्यामुळे झालं, असं म्हणता आलं असतं. पण मग मशीन कुणाचं, विचारून घेतलं का, हे सगळं निघालं असतं. आणि मुख्य म्हणजे एवढी हुशारी करून माझी फजिती झाली, हे मला सोबत्यापुढे कबूल करायचं नव्हतं. पोस्टकार्डाने थेंब गोळा केले, कापडातून गाळून परत आत घातले, टोपण घट्ट बसवलं. अंगणातल्या चिऱ्यांच्या फटींत गेलेला पारा मात्र निघाला नाही. मशीन उघडून ठेवलं तर पारा शून्यावर यायला हवा, तो सात रेघा खाली राहिला. एक रेघ दोनची. म्हणजे ते मशीन आता जे दाखवेल, ते खऱ्यापेक्षा चौदाने कमी.

डावा शॉकअप मी चौदा धरून भरला. गाडी अशी झाली म्हणून सांगू! भाट्याच्या पुलापर्यंत जाऊन आलो, खड्डे आहेत हे नुसतं दिसत होतं. परत येताना मी मागे बसून मोठमोठ्याने बोलत होतो. लाज वाटते सांगायला, पण त्या तासाभरात मशीनची आठवणसुद्धा झाली नाही.

घरी आल्यावर झाली. मुलाम्याच्या कामासाठी सोनारांकडे पारा असतो, एवढं माहीत होतं. पण रविवार, दुकान बंद. सोमवारी पहाटे ताई मशीन घेऊन गेली आणि संध्याकाळी मी ओळखीच्या सोनाराकडून होमिओपॅथीच्या बाटलीत पारा आणला. शनिवारी ती आली की गुपचूप भरायचा, कुणाला कळायचं कारण नाही. पाच दिवसांचा तर प्रश्न. बाटली मी खिशात ठेवली.

शनिवारी ताई आली ती हात हलवत. उपकेंद्रात नवं कपाट आलं होतं, मशीन आता तिकडेच राहणार होतं.

"इकडेच आणत जा," मी म्हणालो. "चोरीला गेलं म्हणजे?"

"चोराला काय बीपी आहे?" ताई म्हणाली आणि लसूण सोलायला बसली. मग सोलता सोलताच म्हणाली, "तुझ्या त्या मोटारसायकलवाल्याच्या बायकोच्या पायांवर सूज आहे हो. पहिलटकरीण ती. मला जरा धास्ती वाटली होती, पण बीपी बरं आहे. एकशे सव्वीस, ब्याऐंशी. मीठ कमी कर म्हटलंय, आणि मोटारसायकलवर बसलीस तर माझ्याशी गाठ आहे म्हटलंय."

एकशे सव्वीस आणि चौदा, एकशे चाळीस. ब्याऐंशी आणि चौदा, शहाण्णव. बेरीज क्षणात झाली. नर्सच्या घरात राहून एवढं कळत होतं, की सुजलेल्या पायांच्या गरोदर बाईला शहाण्णव म्हणजे बरं नाही. मी तोंड उघडलंसुद्धा. "ताई, ते मशीन..."

"काय मशीनचं?"

"काही नाही. जपून वापर."

का नाही सांगितलं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. ताईची भीती होती हे खरं. वस्तू सरकारी, सही तिची, नोकरीवर बालंट आलं असतं, हेही खरं. पण त्याहून खरं हे की उपाय माझ्या खिशात होता. ज्याच्या खिशात उपाय आहे तो आपली चूक सांगत नाही, दुरुस्त करायची संधी शोधत बसतो. निदान माझ्यासारखा फिटर तरी. उद्या उपकेंद्रात काहीतरी निमित्ताने जाऊ, परवा जाऊ, असं करत मी पुढचा आठवडा घालवला. त्या आठवड्यातल्या बुधवारी ताईने पुन्हा त्याच मशीनवर गावातल्या सगळ्या गरोदर बायका तपासल्या.

शुक्रवारी दुपारी माझा हा सोबती कारखान्याच्या फाटकावर आला. खुशीत होता.

"परवा तिला घेऊन माहेरी जातो," म्हणाला. "डोकं दुखतं बोलते दोन दिवस. पण नर्सबाईंनी परवाच बघितलं, बोलल्या बीपी थोडं वाढलंय, तसं काळजीचं नाय. गाडीवर बसवू नको बोलल्या, पण आता गाडी कशी झालीय ते बाईंना काय माहीत! हवा तेवढी एकदा बघून द्या."

हवा नंतर बघू, म्हटलं, मला आत्ता ताईकडे सोड. सुपरवायझरला काहीतरी थाप मारून मी त्याच्या मागे बसलो. कातळावरून, उतारावरून, गावात शिरताना मोडलेल्या मोरीवरून गाडी अंग न हलवता जात होती आणि तो मान वळवून वळवून मला तेच दाखवत होता. मी हूं हूं करत होतो. बाटली छातीशी टोचत होती. वाटेत त्याला सांगता आलं असतं. पाऊण तास होता.

ताईला मी दारातच सगळं सांगितलं. ती ओरडेल म्हणून मी खांदे आखडून उभा होतो. ती ओरडली नाही. तिने पर्समधून चष्मा काढला. तिला चाळिशी लागली होती, चष्मा करून घेतलेला होता, आणि तो लावलेला आम्ही कुणी कधी पाहिला नव्हता. चष्मा लावून तिने मशीन उघडलं, बोट टेकवून शून्याखालच्या रेघा मोजल्या. मग रजिस्टर काढलं आणि एकेका नावापुढे पेन्सिलने चौदा मिळवत गेली. एका नावापाशी थांबली.

मी बाटली पुढे केली.

"हे कधी आणलंस?"

"गेल्याच्या गेल्या सोमवारी."

"अकरा दिवस," ताई म्हणाली. "घाल आत. लवकर."

माझा हात स्थिर होता, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. पारा शून्यावर आला तशी ती मशीन काखेत मारून पाखाडीच्या पायऱ्या उतरायला लागली, मी मागे. त्याची बायको पडवीत भिंतीला टेकून बसली होती. डोळ्यांपुढे काजवे चमकतात म्हणाली. ताईने दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला. मी दारातून पारा बघत होतो. एकशे सत्तर, एकशे चौदा. ताईने तोंडावरची रेघ हलू दिली नाही. त्याला एवढंच म्हणाली, "जीप बघ कुणाची तरी. आत्ता. मोठ्या दवाखान्यात जायचंय."

वाटेत तिला झटके आले. ताईने तिच्या दातांत पदराची घडी धरली होती आणि हा पुढच्या सीटवरून उलटा वळून तिचं नाव घेत होता. दवाखान्यात संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तिला वाचवलं. मूल मेलेलंच आलं. मुलगी होती.

त्या रात्री की दुसऱ्या दिवशी, आता आठवत नाही, मी ताईला म्हणालो की मी त्याला सांगतो. मला राहवत नव्हतं, अन्न जात नव्हतं.

"काय सांगशील?" ताई म्हणाली. "पारा कशाने उडाला? त्याने हँडल दाबलं म्हणून. तूच सांगितलंस ना मला? तू बोलून मोकळा होशील, आणि तो माणूस जन्मभर आपले हात बघत बसेल. काही सांगायचं नाही." मग म्हणाली, "शून्य बघायचं काम माझं होतं. चष्मा माझ्या पर्समध्ये होता."

वरिष्ठांना तिने लिहून कळवलं की मशीन आपल्या हातून पडलं आणि पारा सांडला. त्याचं जे काय बोलणं खायचं ते तिने खाल्लं. त्या दिवसापासून तिचा चष्मा डोळ्यांवरून उतरला नाही. माझ्यावर ती एका शब्दाने रागावली नाही, आणि ते मला सोसत नव्हतं. तिने दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

आखातात परत जाण्याआधी तो आमच्याकडे येऊन गेला. बाई वेळेवर आल्या म्हणून बायको तरी राहिली, म्हणाला. ताई आत निघून गेली. मी मान खाली घालून ऐकलं.

दोन वर्षांनी तो पुन्हा आला. केस कानांपाशी पिकले होते. गाडी ताडपत्रीखाली पडून होती, शॉकअपमधली हवा साहजिकच उतरली होती. या वेळी त्याने तिकडून छोटा मीटर आणला होता, शून्यापासून बोलणारा. रविवारची सकाळ, तेच अंगण. चाक उचललं, मी हवा भरत होतो आणि तो बाजूला उकिडवा बसला होता. हँडलला त्याने हात लावला नाही. उजवा झाला, डावा झाला. मी टोपी लावत होतो तेव्हा तो बोलला.

"भाऊ, एक विचारू? त्या दिवशी पारा सांडला. ते मशीन बाईंचं होतं?"

मी टोपी लावतच राहिलो.

"तिकडं काम सुटलं की खोलीत पडून तेच तेच मनात येतं," तो म्हणाला. "तुम्ही बोललात घरातलं हाय. घरात तर बाईच बीपी बघायच्या. मग त्या शुक्रवारी तुम्ही अचानक बाईंकडं आलात. आणि बाईंनी लगेच येऊन पुन्हा मोजलं. मी ते हँडल दाबलं नसतं तर..."

"तुझ्या डोक्यात काय भलतंच," मी म्हणालो. "ते मशीन कारखान्याच्या प्रथमोपचाराच्या पेटीतलं होतं. मोडीत काढलेलं, म्हणून घरी आणलेलं. ताई आपलं मशीन मला देईल काय? हात मोडेल माझा."

"आणि शुक्रवारी?"

"आमच्या मामांचा निरोप द्यायचा होता. तू डोकं दुखतं म्हणालास ते मी तिला सांगितलं, म्हणून ती आली बघायला."

इतकं बिनचूक खोटं माझ्या तोंडून कसं निघालं, मला कळलं नाही. दारात ताई चहाचे कप घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तो तिच्याकडे वळला.

"बाई, खरं हे?"

माझ्या ताईला मी कधी खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. ती चष्म्यातून सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "खरं. ते माझ्या नशिबात होतं, तुमच्या नशिबात होतं. तुझ्या हातून काही झालेलं नाही."

तो तिथेच चिऱ्यांवर बसला आणि मोठ्याने रडला. बाईमाणसापुढे, परक्या अंगणात, चाळिशीच्या उंबऱ्यावरचा माणूस. आम्ही दोघं बहीण-भाऊ उभे होतो आणि एकमेकांकडे बघत नव्हतो. रडून झाल्यावर त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, उठला, आणि ग्रीसने भरलेले माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"दोन वर्षांचा भार उतरवलात, भाऊ," तो म्हणाला. "हे उपकार मी विसरणार नाय."

बराच वेळ त्याने हात सोडले नाहीत, आणि ते सोडवून घ्यायची माझी हिंमत झाली नाही.